रेघ आधी, अक्षर मागनं

'थकबाकी' हे नाव सुचलं तेव्हा आम्ही चौघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या आणि कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन एकेक ग्लास फेसाळ दूध मारलं. या चार अक्षरांपायी पुढचा दीड महिना आपण गावभर वणवण करणार आहोत, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात पण नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प होता. थ्रिलर सिनेमाची नुसती सुरुवात करायची, म्हणजे नावं पडतात तेवढीच, दीड ते दोन मिनिटं. पुढचा सिनेमा करायचा नाही, पण त्याची गोष्ट दोन पानांत लिहून द्यायची. आमची गोष्ट अशी होती: कागलकडच्या एका गावात खासगी सावकार आहे, त्याच्याकडे एक वही आहे आणि वहीतल्या ज्यांचं कर्ज फिटत नाही ती माणसं एकेक करून गायब होतात. वही नेमकी कुणाच्या हातात आहे, ते शेवटी कळतं. गटात चौघं. मी दिग्दर्शक, एक कॅमेरावाला, एक एडिटर आणि एक लेखक. हा लेखक गोष्ट लिहून झाल्यावर फक्त चहा सांगायच्या कामाला उरला होता.

पहिल्या आठवड्यात आम्ही जे केलं ते सगळेच करतात. मोबाइलवर थ्रिलरची टायटल्स बघायची, आवडलं की स्क्रीनशॉट मारायचा. असे दीडेकशे स्क्रीनशॉट एका तक्त्यावर डकवले. रक्ताचे थेंब, चाकू, फुटलेला आरसा, एक डोळा नसलेली बाहुली, थरथरणारी इंग्रजी अक्षरं. सरांनी तक्ता बघितला आणि विचारलं, "हा सिनेमा घडतो कुठं?"

"कागलजवळ, सर."

"मग ही बाहुली तिथं काय करतीय?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते. खरं तर सर तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, टायटल म्हणजे सिनेमाचा उंबरा. उंबऱ्यावर उभं राहिल्यावर आत कुणाचं घर आहे ते कळायला पाहिजे. पुढच्या सोमवारी परत दाखवा.

मग आम्ही जरा शहाण्यासारखं बघायला लागलो. स्क्रीनशॉट न मारता, एकेक टायटल दहा-दहा वेळा, आवाज बंद करून आणि मग आवाजासकट. सिनेमाची टायटल्स करणारा सॉल बास, हे नाव तेव्हाच नीट कळलं. 1959 च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये हिरव्या पडद्यावर उभ्या-तिरक्या रेघा ओढल्या जातात, नावं त्या रेघांवरून वर-खाली सरकतात, आणि थोड्या वेळानं लक्षात येतं की त्या रेघा म्हणजे एका उंच इमारतीच्या खिडक्या आहेत. त्यात ना चाकू, ना रक्त. 1960 च्या 'सायको'त तर नुसत्या पट्ट्या आहेत. त्या आडव्या-उभ्या येतात आणि नावांचे तुकडे करतात. वर बर्नार्ड हरमनचं संगीत, तेही फक्त तंतुवाद्यांचं. आमचा एडिटर म्हणाला, "ह्यात भीती वाटायसारखं काय बी नाही, तरी पोटात कसंतरी हुतंय." ते का होतं, हे मात्र आमच्यातल्या कुणाला सांगता येईना.

तेवढ्यात 'सेव्हन' बघितला आणि गाडी पुन्हा रुळावरून घसरली. 1995 चा सिनेमा, टायटल काइल कूपरचं. कुणाचे तरी हात वह्या शिवतायत, फोटो कापतायत, ब्लेडनं स्वतःच्या बोटांची कातडी तासतायत, आणि अक्षरं हातानं खरवडून काढल्यासारखी उडतायत. तो खुनी सिनेमात तोंड दाखवतो फार उशिरा, पण या हातांमुळे तो पहिल्या मिनिटापासून आत येऊन बसलेला असतो. आम्हाला वाटलं, झालं की आपलं काम! आपल्याकडे पण वहीच आहे.

मी आजोळहून आजोबांच्या पेटीतले मोडीतले कागद आणले. कसली तरी देण्याघेण्याची टिपणं असणार, घरात कुणालाच मोडी येत नाही. खरे कागद खराब करायची छाती नव्हती, म्हणून त्यांच्या झेरॉक्स काढल्या, चहात बुडवल्या, मेणबत्तीनं कडा जाळल्या. लेखकाचे हात सावकाराचे हात म्हणून घेतले. बघितल्यावर कॅमेरावाला एवढंच म्हणाला, "शिवाजी महाराजांवरचा शाळेतला प्रकल्प वाटतोय." सोमवारी सर काही बोललेच नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. ते जास्त लागलं.

यानंतरचे दहा दिवस म्हणजे शुद्ध भटकंती. कुणीतरी सांगितलं होतं की प्रेरणा बाहेर मिळते, म्हणून आम्ही बाहेर पडलो. पहाटे रंकाळ्यावर धुकं शूट केलं. सुंदर आलं, म्हणजे कॅलेंडरवर छापण्याइतकं सुंदर. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवरचा तासलेला बुरा घेतला. तोही छान चमकत होता. पण ह्यातलं काही आमच्या गोष्टीशी बोलत नव्हतं.

गुऱ्हाळाची रात्र मात्र सांगायला पाहिजे, कारण फसलेल्या गोष्टींतली ती सगळ्यात देखणी. पन्हाळ्याच्या वाटेवर लेखकाच्या मामांच्या ओळखीचं गुऱ्हाळ. रात्री नऊला पोचलो. चुलवाणात चिपाडं सारली की ज्वाळा बाहेर यायची, काहिलीतला रस खदखदत होता, वर पिवळट फेस. वाफ इतकी की समोरचा माणूस कमरेपासून वर दिसायचा नाही. गुळव्यानं थोडा पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळून बघितली, मान हलवली. अजून नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. त्या गोळीकडे काहिलीभोवतीची सगळी माणसं श्वास धरून बघत होती. मला वाटलं, हाच आपला सस्पेन्स! कॅमेरावाला बिचारा दर मिनिटाला लेन्सवरची वाफ पुसत होता, शेवटी त्यानं बनियन काढून त्यानं पुसली. येताना सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर गरम गूळ खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी एडिटिंगला बसल्यावर लक्षात आलं की हा गुळाचा माहितीपट झालाय. आग आहे, वाफ आहे, हात आहेत, पण बघणाऱ्याला भूक लागते. थ्रिलर बघून भूक लागून चालत नाही.

त्या रात्रीच्या चित्राखाली एडिटरनं हौसेनं हलगीचं ट्रॅक पण टाकलं होतं. हलगी वाजली की कोल्हापूरच्या माणसाचे खांदे आपोआप हलायला लागतात. मिरवणूक निघाल्यासारखं वाटतं. ते ट्रॅक काढून टाकायला त्याच्याशी दोन दिवस भांडावं लागलं.

सरांना एकदा खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी गाठलं. त्या स्तंभावरून आम्ही रोज जातो-येतो, वर कॅमेरा आहे एवढंच माहीत. सर म्हणाले, तुमची सावकाराची गोष्ट या गावात आधीच एकदा झालीय, माहिताय का? नव्हती माहीत. कोल्हापूरचेच चित्रपटकार बाबूराव पेंटर, त्यांचा 'सावकारी पाश', 1925 चा मूकपट. हरि नारायण आपट्यांच्या कथेवरचा. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी शेवटी शहरातल्या गिरणीत जातो. तो शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पुढे 1936 ला बाबूरावांनीच तो बोलपट म्हणून पुन्हा केला, आणि त्यातल्या एका दृश्याची आठवण चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांनी लिहून ठेवली आहे: अंधूक उजेडातली एक उदास झोपडी, लांबून दिसणारी, आणि कुत्र्याचं रडणं. बस, एवढंच.

आणखी एक गोष्ट सर जाता जाता बोलले. बाबूरावांना 'पेंटर' का म्हणतात? आडनाव मेस्त्री. पडदे रंगवायचे, पोस्टरं रंगवायचे. हातात आधी ब्रश आला, कॅमेरा नंतर. "तुम्ही सगळं शोधताय कॅमेऱ्यातनं," म्हणाले आणि गाडीला किक मारून निघून गेले. सरांची ही सवयच आहे, अर्धं बोलतात.

त्या अर्ध्या वाक्यावरून मला शनिवार पेठेतले पेंटर मामा आठवले. आमच्या वडिलांच्या ओमनीची नंबर प्लेट त्यांनीच रंगवलेली. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम बसलं. आता दुकानाच्या पाट्या क्वचित, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव, कुणाच्या दारावर 'शुभ लाभ' एवढंच. मी गेले तेव्हा ते एका पतसंस्थेची काळी पाटी पुन्हा रंगवत होते. थकबाकीदारांची यादी लावायची पाटी! मी हसायलाच लागले. मामांना वाटलं मी त्यांच्या चष्म्याला हसले.

"मामा, आम्हाला एक नाव रंगवून पाहिजे. मी उद्या येतो परत मित्रांना घेऊन." (बाहेरगावच्यांना गंमत वाटते, पण आम्ही पोरी अशाच बोलतो, 'येतो' आणि 'जातो'.)

"उद्या कशाला? काय नाव हाय?"

"थकबाकी."

मामांनी फळकुटाचा एक काळा तुकडा घेतला. दोरीचं एक टोक एका खिळ्याला अडकवलं. दुसरं टोक माझ्या हातात दिलं, "वढून धर." मग खडूचा मोठा तुकडा दोरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवला. मला वाटलं आता पेन्सिल घेतील. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत दोरी मधोमध धरली, वर उचलली आणि सोडली.

टप्प.

दारातून तिरपं ऊन आत येत होतं. त्या उन्हात खडूची भुकटी एक क्षण तरंगली आणि खाली फळीवर एक सरळ, पांढरी, केसासारखी रेघ. माझ्या बोटांना त्या दोरीचा झटका बसला होता. काळजात पण बसला, खोटं कशाला सांगू.

"रेघ आधी, अक्षर मागनं," मामा म्हणाले. "रेघ नसंल तर अक्षर टांगायचं कशाला?"

मग चपटा ब्रश डब्यात बुडवून, काठावर निरपून, त्यांनी रेघेला एकेक अक्षर लटकवायला घेतलं. 'थ' करताना थांबले. म्हणाले, ह्याच्या डोक्यावर सगळी रेघ द्यायची नाही, गाठ उघडी ठेवायची, नाहीतर 'यकबाकी' होतंय. पोरं कॉम्प्युटरवर करतात त्यांना कळतच नाही, फाँट करतो म्हणून चालतं. तिथं ते रेघेवरून बोट फिरवून जागा मोकळी करत होते आणि मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. माझ्या डोक्यात तोवर दुसरंच सुरू झालं होतं.

घरी येऊन मी आजोबांचे कागद पुन्हा काढले. झेरॉक्स नव्हे, खरे. इतके दिवस जळक्या कडा करायच्या नादात मी ते बघितलेच नव्हते. मोडीत आधी पानभर या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात. एका कागदावर खाली तीन रेघा नुसत्याच होत्या. ओढलेल्या, पण खाली काही नाही. कुणाचं तरी लिहायचं राहून गेलेलं. रात्री अकरा वाजता मी त्या मोकळ्या रेघांकडे बघत बसले आणि 'सायको' बघताना पोटात कसंतरी का होतं ते तेव्हा कळलं. पट्टी आलेली असते, ती कुणाला कापणार ते अजून कळलेलं नसतं.

ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला: "चाकू नको. वही पण नको. दोरी पाहिजे. रेघ मारायची, तिला नाव लटकवायचं, आणि मग तीच दोरी खाली आणून नावाच्या मधनं मारायची. टप्प. नाव खोडलं." लेखकाचं उत्तर एका मिनिटात आलं. पहिल्यांदाच त्याचा उपयोग झाला. त्यानं लिहिलं, "सावकार कर्ज फिटलं की नाव खोडतो. आपला सावकार न फिटता खोडतो."

शूटिंग ओमनी लावायच्या शेडमध्ये केलं. सोपं वाटलं होतं, तीन रात्री गेल्या. पहिल्या रात्री भुकटी दिसेचना. समोरून लाइट टाकला की धूळ दिसत नाही, मागून टाकला की दिसते, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं होतं आणि विसरलो होतो. मागून भाड्याचा एलईडी लावला तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सगळं लुकलुकायला लागलं. घरचा करंट सेकंदाला पन्नास फेऱ्या मारतो, स्वस्तातला दिवा त्याबरोबर शंभर वेळा मंद-प्रखर होतो, साध्या डोळ्याला ते कळत नाही, पण सेकंदाला 240 फ्रेम घेणाऱ्या फोनला कळतं. आता बॅटरीवरचा उजेड कुठून आणायचा? समोर ओमनीच उभी होती. तिचा पिवळा हेडलाइट थेट बॅटरीवर चालतो, लुकलुकत नाही. गाडी मागे घेतली, शेडच्या दारातून उजेड आत सोडला आणि दोरी मारली. ती धूळ जी काय उठली! चौघंही एकदम गप्प झालो.

पहाटे बॅटरी उतरली. वडिलांना आठ वाजता मार्केट यार्डात जायचं होतं. चौघांनी मिळून ओमनी ढकलली, वडील स्टिअरिंगवर, एक शब्द न बोलता. गाडी सुरू झाल्यावर मागे वळून एवढंच म्हणाले, "शिनेमा झाला का नाही अजून?"

नावं सगळी मामांनी रंगवली. आधी एडिटरनं सॉफ्टवेअरमध्येच टाइप करून बघितली होती, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि 'ध्वनी'चा 'ध' पाय मोडल्यासारखा वेगळा पडायचा. दक्षिण आशियाई लिप्यांची सेटिंग चालू केल्यावर ते सुधारलं, पण तोवर मामांच्या अक्षरापुढे ते सगळंच निर्जीव वाटायला लागलं होतं. कलाकार धरून नऊ नावं आणि दहावं मामांचं, 'अक्षरलेखन' म्हणून. क्रमावरून भांडणं झाली, ती सांगत नाही.

नावं किती वेळ ठेवायची, हा प्रश्न मात्र फार छळला. सर म्हणाले, मोठ्यानं दोनदा वाचून होईल इतका वेळ. पण तसं केलं की सगळी नावं एका तालात यायची, टप्प-वाचा-टप्प-वाचा, कवायतीसारखी. मग आम्ही तो ताल मोडला. पहिल्यांदा नुसती रेघ, खाली काहीच नाही, चार सेकंद. लोक खुर्चीत सावरून बसतात. दुसऱ्या रेघेला नाव आलं, राहिलं, खोडलं. तिसरं तसंच. चौथ्या नावाला दोरी वर उचलली आणि सोडलीच नाही, चित्र तिथंच तोडलं, आणि आवाज पुढच्या नावावर आला. सहाव्याला अक्षर पुरं व्हायच्या आत दोरी बसली. आता बघणारा नाव वाचत नाही, दोरी शोधतो. शेवटी 'थकबाकी', 'थ'ची गाठ उघडी, आणि दोरी खाली येऊन त्या गाठीच्या एक बोट वर थांबते. काळोख.

संगीत नाही. दोरीचा आवाज मोबाइल फळीला चिकटवून रेकॉर्ड केला, निम्म्या वेगावर आणला, तेव्हा तो तंबोऱ्याची तार तुटल्यासारखा खोल झाला. मध्ये मध्ये ब्रश डब्याच्या काठावर निरपल्याचा आवाज. एवढंच. हलगी नाही, हे एडिटरनं अजून मनाला लावून घेतलंय.

एक गोष्ट मात्र आमच्या मनासारखी झाली नाही. मामांचं नाव रंगवून झालं, दोरीला खडू लावला, आणि मामा मध्ये आले. "ए पोरी, माझं नाव खोडायचं नाही."

"मामा, सगळ्यांचंच खोडलंय. सिनेमाच तसा आहे."

"तुमचं खोडा. मी आजवर हजारो नावं लिवली, दुकानाची, मेलेल्याची, पडलेल्या पुढाऱ्याची. स्वतःचं लिवलं न्हवतं. पयल्यांदा लिवलंय, आणि तेच खोडू?"

काय बोलणार? दोरी गुंडाळली. ती पाटी तशीच घेतली, नाव येतं आणि राहतं, पाच सेकंद, मग पुढे.

वर्गात दाखवलं तेव्हा दिवे लागेपर्यंत कुणी हललं नाही. सरांनी चष्मा पुसला नाही. मग प्रश्न सुरू झाले, आणि पहिलाच हात मागच्या बाकावरून वर आला: "सगळ्यांची नावं खोडली, त्या अक्षरलेखनवाल्याचंच का नाही खोडलं? वही त्याच्याकडेच हाय ना?"

अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. लेखकानं हळूच खिशातून पेन काढलं आणि गोष्टीच्या दोन पानांतलं दुसरं पान उलटं करून त्याच्यामागे काहीतरी लिहायला लागला.